विनोदी कथेतील कठीण शब्द : ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ या कथेच्या अनुषंगाने एक विचार

१

परभाषेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती विनोदी कथा देण्याचा प्रघात जुना आहे. हसत हसत वाचलेले शब्द सहज लक्षात राहतात आणि कथेच्या शेवटी कठीण शब्दांची अर्थासह यादी जोडली म्हणजे रंजन व शब्दसंग्रह ही दोन्ही कार्ये एकदम साधतात, अशी त्यामागील समजूत आहे. तिचा पहिला भाग बव्हंशी खरा आहे. दुसऱ्या भागाची मात्र जितकी चिकित्सा व्हावयास हवी तितकी होत नाही. यादीतला शब्द कोशातील अर्थाशी जुळवून पाठ केला की तो ‘आला’ असे मानण्यात येते. परंतु विनोदी कथेत कठीण शब्द ज्या कारणासाठी योजलेला असतो, ते कारण या अर्थात पुष्कळदा सापडत नाही. आणि काही ठिकाणी तर संदर्भावरून शब्दाचा जो अर्थ निघतो, तो त्या शब्दाचा अर्थच नसतो. अशा वेळी विद्यार्थी शब्द शिकत नाही, शब्दाची चूक शिकतो.

या प्रश्नाचा विचार एखाद्या ठरावीक कथेच्या आधारे करणे अधिक उपयुक्त ठरेल. ओ. हेन्री या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम सिडनी पोर्टर (१८६२–१९१०) यांची ‘द रॅन्सम ऑफ रेड चीफ’ ही कथा त्यासाठी सोयीची आहे. ती १९०७ साली ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकात प्रथम प्रसिद्ध झाली आणि १९१० साली ‘व्हर्लिगिग्ज’ या संग्रहात समाविष्ट झाली. कथानक सर्वश्रुत आहे. सॅम आणि बिल ड्रिस्कॉल हे दोन भुरटे ठग अलाबामा संस्थानातील एका गावातून एबेनेझर डॉर्सेट नावाच्या सधन गृहस्थाच्या दहा वर्षांच्या मुलाला पळवून नेतात. मुलगा स्वतःला ‘रेड चीफ’, म्हणजे अमेरिकेतील आदिवासींचा लाल सरदार, म्हणवून घेतो आणि गुहेतील मुक्कामात बिलचा असा छळ मांडतो की दोघेही टेकीस येतात. दोन हजार डॉलरची योजिलेली खंडणी बिलच्या विनवणीवरून दीड हजारांवर येते. बापाचे उत्तर येते ते असे, की अडीचशे डॉलर रोख दिल्यास मुलगा परत घेण्यास आपण तयार आहोत. ठग ती रक्कम भरतात आणि पळ काढतात.

इतक्या साध्या कथानकाची ही कथा परकीय विद्यार्थ्याला अवघड का वाटते? कारण ती सॅमच्या तोंडून सांगितली आहे, आणि सॅमला मोठ्या शब्दांचा शौक आहे. बिलला तो त्याहूनही अधिक आहे. कथेतील कठीण शब्द हे लेखकाने आपल्या शैलीच्या डौलासाठी वापरलेले शब्द नव्हेत. ते पात्रांचे शब्द आहेत. हा भेद ध्यानात घेतला नाही तर पुढचे सर्वच अर्थग्रहण चुकीच्या वाटेने जाते.

२

कथेच्या आरंभीच लेखकाने एक खूण करून ठेविली आहे. ज्या गावी हा प्रकार घडतो ते गाव तव्यावरच्या धिरड्यासारखे सपाट आहे, आणि त्याचे नाव आहे ‘समिट’, म्हणजे शिखर. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण ज्याच्या कानावरून गेली आहे, त्या मराठी वाचकाला या योजनेचे मर्म सांगावे लागत नाही. नाव आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही, हे कथेतील पहिले विधान आहे; आणि पुढील प्रत्येक कठीण शब्द याच विधानाचा विस्तार आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शब्द आणि वस्तू यांची ही फारकत मात्र सर्वत्र एकाच प्रकारची नाही. बारकाईने पाहता तिचे चार प्रकार संभवतात.

पहिल्या प्रकारात शब्द अर्थाने बरोबर असतो, पण प्रसंगाच्या मानाने फार मोठा असतो. ‘फिलोप्रोजेनिटिव्हनेस’ हा रोमन लिपीत वीस अक्षरांचा शब्द याचे ठळक उदाहरण होय. अर्थ एवढाच की अपत्यप्रेम. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कवटीच्या उंचवट्यांवरून माणसाचे स्वभावगुण सांगू पाहणारे मस्तकसामुद्रिक युरोपात बोकाळले होते. त्याचा एक पुरस्कर्ता श्पुर्त्सहाइम याच्या लिखाणातून हा शब्द रूढ झाला. पुढे ते शास्त्र खोटे ठरले आणि शब्द मागे उरला. खेड्यापाड्यांकडे हा गुण विशेष प्रबळ असतो, असा सॅमचा सिद्धान्त आहे आणि अपहरणाची सारी योजना त्यावर उभारलेली आहे. येथे शब्दाच्या अर्थापेक्षा त्याचे कूळ महत्त्वाचे आहे. एका कोसळलेल्या शास्त्राचा शब्द एका कोसळणाऱ्या योजनेचा पाया व्हावा, यात लेखकाचा मिस्कीलपणा आहे. ‘अपत्यप्रेम’ एवढाच अर्थ लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याला शब्द कळतो. त्या शब्दाच्या आधारे दोन माणसे दोन हजार डॉलरचा हिशेब मांडीत आहेत, ही गंमत कळत नाही.

‘अनडिलिटीरियस’ हा शब्दही याच जातीचा. ‘डिलिटीरियस’ म्हणजे अपायकारक. त्याला नकारार्थी उपसर्ग जोडून सॅमने गावकऱ्यांसाठी विशेषण तयार केले आहे. ते निरुपद्रवी आहेत, एवढेच त्याला म्हणावयाचे आहे. मराठीत ‘विघातक’ हा शब्द सर्वांस परिचित आहे. पण शेजारी गरीब स्वभावाचा आहे असे सांगताना कोणी त्यास ‘अविघातक गृहस्थ’ म्हणू लागला, तर जो परिणाम होईल तो येथे झाला आहे. शब्दाची फोड व्याकरणदृष्ट्या करता येते, तरी तो प्रचारात नाही. कोशात शोधणाऱ्याच्या पदरी बहुधा निराशाच येते. आणि ती निराशा हाच येथे योग्य अर्थबोध आहे.

दुसरा प्रकार द्विरुक्तीचा. टेकडीवर चढून सॅम भोवतालचा प्रदेश न्याहाळतो तेव्हा तो ‘कंटिग्युअस’ असा ‘व्हिसिनिटी’ पाहतो. म्हणजे लगतचा आसमंत. आसमंत लगतचाच असावयाचा. पुढे त्याला दिसणारी झोप ही ‘सॉम्नोलंट’, म्हणजे झोपाळू, असते, आणि प्रदेशाचा पृष्ठभाग एकाच वेळी बाह्यही असतो व बाहेरचाही. यांतील एकही शब्द चुकीच्या अर्थाने आलेला नाही. चूक आहे ती जोडीत. शब्दांची यादी करणारा प्रत्येक शब्द सुटा काढतो, आणि सुटा काढताक्षणी विनोद नाहीसा होतो. इतकेच नव्हे, तर जोडी पाठ करणारा विद्यार्थी उद्या आपल्या निबंधात गंभीरपणे ‘लगतचा आसमंत’ लिहितो आणि सॅमच्या पंक्तीला जाऊन बसतो.

तिसरा प्रकार शब्दविपर्यासाचा. अपहरणाची कल्पना ज्या घटकेत सुचली, त्या घटकेचे वर्णन करताना बिल ‘ॲपॅरिशन’ हा शब्द वापरतो. ॲपॅरिशन म्हणजे भूत, छायाकृती. त्याला म्हणावयाचे होते ‘ॲबरेशन’, म्हणजे बुद्धीचे तात्पुरते स्खलन. ध्वनिसाम्यामुळे शब्द घसरला. पुढे छळाचे गाऱ्हाणे सांगताना आपण यातना भोगल्या असे म्हणावयाच्या जागी तो ‘सब्जुगेटेड’, म्हणजे जिंकला गेलेला, हा शब्द आणतो; मनात असलेला शब्द होता ‘सब्जेक्टेड’. शेरिडन यांच्या ‘द रायव्हल्स’ (१७७५) या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप या बाईवरून या प्रकाराला इंग्रजीत नावच पडले आहे, आणि शेक्सपिअर यांचा डॉगबेरी हा तिचा पूर्वज होय. तथापि बिलच्या चुका केवळ चुका राहत नाहीत. ज्याला दहा वर्षांच्या पोराने खरोखरच जिंकले आहे, त्याच्या तोंडी ‘जिंकला गेलेला’ हा शब्द अनवधानाने खरा ठरतो. दोघा ठगांतील कराराचा उल्लेख करताना तो ‘डेप्रेडेशन’ म्हणजे लूटमार या शब्दापुढे ‘कलमे’ हा कायद्याचा शब्द लावतो, तेव्हाही असेच घडते. सभ्य भागीदारीच्या कागदपत्राची भाषा उचलून त्याने तिच्यात आपला धंदा नकळत कबूल करून टाकला आहे.

संदर्भावरून अर्थ ताडण्याची पद्धत या प्रकारात सर्वांत धोक्याची ठरते. वाक्याचा रोख स्पष्ट असल्यामुळे विद्यार्थी ‘ॲपॅरिशन’ म्हणजे बुद्धिभ्रंश असा अर्थ अचूक ताडतो. त्याची तर्कशक्ती निर्दोष असते आणि निष्कर्ष चुकीचा असतो.

चौथा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तो कठीण शब्दांच्या कोणत्याही यादीत सहसा येत नाही. बापाचे पत्र वाचून झाल्यावर बिल डॉर्सेट यांना ‘स्पेंडथ्रिफ्ट’ म्हणजे उधळ्या म्हणतो. शब्द तसा सोपा. वापरही व्याकरणाने बिनचूक. पण डॉर्सेट हे गावातले प्रसिद्ध कवडीचुंबक, लोकांच्या गहाण मिळकतींवर डोळा ठेवणारे गृहस्थ आहेत, हे कथेच्या आरंभी सांगून झाले आहे. त्यांनी एक छदामही देऊ केलेला नाही. उलट मागितला आहे. तरीही मुलगा परत घेण्याचे केवळ अडीचशेच मागितले, म्हणून बिलच्या दृष्टीने ते उधळे आणि उदार ठरतात. कथेतील परिस्थिती किती उलटली आहे याचे माप हा एक सोपा शब्द देतो. शब्दाची काठिण्यपातळी आणि त्याच्या आकलनाची काठिण्यपातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

३

या चार प्रकारांवरून एक गोष्ट निष्पन्न होते. विनोदी कथेतील शब्द समजण्यासाठी कोशातील अर्थ आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. त्याच्या जोडीला शब्दाची सामाजिक पायरी, त्याचा वापर करणारा माणूस आणि प्रत्यक्ष वस्तुस्थिती या तिहींचे ज्ञान लागते. मातृभाषेत हे ज्ञान न शिकविता येते. ‘वारणे’, ‘निधन पावणे’, ‘कैलासवासी होणे’ आणि ‘गचकणे’ या सर्वांचा कोशातील अर्थ एकच. परंतु सापळ्यातील उंदीर कैलासवासी झाला असे म्हटले की मराठी मूल हसते, आणि ते का हसले हे त्याला समजावून द्यावे लागत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांच्या ‘सुदाम्याचे पोहे’ मधील लेखांत क्षुद्र रूढींना व विषयांना शास्त्रचर्चेची भाषा चढवून जो विनोद साधला आहे, त्याचा आस्वादही या जाणिवेवरच अवलंबून आहे. परभाषेत ही जाणीव सर्वांत शेवटी येते. म्हणूनच विनोद हा शब्दज्ञानाचा आरंभ नसून त्याची कसोटी आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

यावर असा आक्षेप घेता येईल की, शब्द ओघात वाचूनच मुरतात. प्रत्येक शब्दाची अशी उलटतपासणी केली तर वाचनाचा आनंद उरणार नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि याच कथेत त्याला आधारही सापडतो. सॅम बापाला जे पत्र पाठवितो त्याचे वर्णन तो ‘पेरेम्प्टरी’, म्हणजे हुकमी व निर्वाणीचे, असे करतो. आणि ते पत्र तो ‘सरेप्टिशसली’, म्हणजे कोणाच्या लक्षात न येईल अशा बेताने, टपालात टाकतो. दोन्ही ठिकाणी शब्द आणि कृती यांचा मेळ चोख आहे. या शब्दांचा अर्थ संदर्भावरून खुशाल ताडावा. म्हणजे एकाच कथेत, एकाच निवेदकाच्या तोंडी, विश्वासार्ह आणि अविश्वासार्ह असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी नांदतात. गंभीर निबंधात संदर्भ हा वाचकाचा मित्र असतो. विनोदी कथेत तो कधी मित्र असतो आणि कधी थट्टा करणारा असतो. तेव्हा प्रश्न ओघात वाचावे की थांबून वाचावे हा नाही. प्रथम ओघात वाचावे, आणि जेथे हसू यावयास हवे होते पण आले नाही असे जाणवेल, तेथे परत यावे. परत आल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : हा शब्द कोणाच्या तोंडी आहे, याहून लहान शब्दाने काम भागले असते काय, आणि ज्याला तो लावला आहे त्याला तो शोभतो काय.

यांतील पहिली गोष्ट विशेष महत्त्वाची. ‘ॲपॅरिशन’ हा शब्द बिलचा आहे हे सॅम मुद्दाम नमूद करतो; त्यावरून सोबत्याची चूक त्याच्या ध्यानात आली असावी असे दिसते. परंतु स्वतःचा ‘लगतचा आसमंत’ त्याला खटकत नाही. दुसऱ्याची चूक ओळखण्याइतके शिकलेला आणि स्वतःची ओळखण्याइतके न शिकलेला, असा हा निवेदक आहे. शब्दांचा उगम न पाहता त्यांची सरसकट यादी केली म्हणजे सॅमचे हे स्वभावचित्रच पुसले जाते.

४

आता या शब्दांच्या शेजारी कथेतील दुसऱ्या दोन भाषा ठेवून पाहाव्यात. मुलाची भाषा अगदी साधी आहे. जेवताना तो जे अखंड बडबडतो, त्यात संत्री वाटोळी का असतात यासारखे प्रश्न आहेत आणि शब्द सारे रोजच्या वापरातले. गोऱ्या शत्रूला उद्देशून तो जे युद्धाचे शब्द वापरतो ते मात्र त्या काळच्या स्वस्त साहसकथांतून उचललेले आहेत. अमेरिकेतील आदिवासींच्या प्रत्यक्ष जीवनाशी त्यांचा संबंध नाही, हे आजच्या विद्यार्थ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मूल हे उसने शब्द कृतीत उतरविते. डोक्याची कातडी सोलीन असे तो म्हणतो आणि पहाटे खरोखरच चाकू घेऊन बिलच्या छातीवर बसतो. त्याच्या बाबतीत शब्द आणि वस्तू यांच्यात अंतर राहत नाही, आणि त्याची भीती वाटते ती याचमुळे.

दुसरी भाषा बापाची. डॉर्सेट यांचे पत्र लहान आहे. त्यात पत्रव्यवहारातील रूढ विनय आहे, ‘काउंटर-प्रपोझिशन’ म्हणजे उलट प्रस्ताव असा एक व्यवहारी शब्द आहे, आणि मुलाला रात्रीच आणावे, कारण तो हरवला या समजुतीत असलेले शेजारी त्याला परत आणणाऱ्याचे काय करतील याची हमी देता येत नाही, अशी एक शांत सूचना आहे. एकही शब्द अधिक नाही आणि एकही अपुरा नाही. कथेत भारदस्त भाषा तिच्या योग्य जागी वापरणारा हा एकच माणूस आहे, आणि व्यवहारात जिंकतो तोही हाच. साध्या शब्दांचा मुलगा आणि नेमक्या शब्दांचा बाप यांच्या मध्ये मोठ्या शब्दांचे दोघे ठग सापडतात आणि भरडून निघतात. या दृष्टीने पाहता कथेतील शब्दयोजना ही कथानकावर चढविलेली वेलबुट्टी नव्हे. जे कथानकात घडते तेच भाषेतही घडते.

यातून विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक नाजूक प्रश्न उद्भवतो. ज्याला मोठे शब्द छापील मजकुरातून मिळाले, ज्याला ते वापरून आपली पायरी उंच दाखवावयाची आहे आणि ज्याचा तोल मधूनमधून जातो, अशा माणसाला ही कथा हसते. परभाषा शिकणारा प्रत्येक विद्यार्थी काही काळ याच अवस्थेतून जातो. महाराष्ट्रात इंग्रजीच्या मोठ्या शब्दांना जी प्रतिष्ठा आहे ती लक्षात घेता, येथील विद्यार्थ्याला सॅम आणि बिल अगदीच परके वाटू नयेत. मग कथा त्यालाच हसते आहे काय?

उत्तर लेखकाच्या दृष्टिकोनात शोधले पाहिजे. ओ. हेन्री यांचे शालेय शिक्षण पंधराव्या वर्षीच संपले. पुढे ते चुलत्याच्या औषधांच्या दुकानात काम करू लागले. टेक्ससमधील पशुपालनाच्या वसतीवर राहत असताना त्यांनी वेबस्टरचा शब्दकोश आवडीने वाचल्याचे चरित्रकार सांगतात. बँकेतील पैशाच्या अपहाराच्या आरोपावरून १८९८ ते १९०१ या काळात त्यांनी ओहायोच्या तुरुंगात शिक्षाही भोगली. अर्धशिक्षित माणसाची शब्दांविषयीची भूक आणि कायद्याबाहेर गेलेल्या माणसांचा सहवास या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून अनुभवल्या होत्या. म्हणून त्यांच्या हसण्यात तुच्छता नाही. बिलच्या चुकांतून सत्य बाहेर पडते, सॅमच्या द्विरुक्तीत एक प्रकारचा भाषिक उत्साह आहे, आणि वाचकाची सहानुभूती शेवटपर्यंत याच दोघांकडे राहते. शब्द चुकणे हा येथे गुन्हा नाही. शब्दाच्या आकारावर विसंबून वस्तूकडे न पाहणे हा प्रमाद आहे, आणि त्याची किंमत त्यांना अडीचशे डॉलर मोजावी लागते.

५

या विवेचनाचा एक उपयोग मराठी भाषांतरकारालाही आहे. ग्रीक व लॅटिन मुळांचे शब्द आणि रोजचे शब्द यांच्यातील अंतरावर इंग्रजी विनोद जसा खेळतो, तसा खेळ तत्सम आणि तद्भव शब्दांच्या अंतरावर मराठीत करता येतो. मात्र भाषांतर शब्दाचे न करता शब्दाच्या चुकीचे करावे लागेल. ‘ॲपॅरिशन’चे ‘पिशाच’ असे शब्दशः रूपांतर केल्यास वाक्य निरर्थक होते, आणि ‘बुद्धिभ्रंश’ असे सुधारून घेतल्यास ते निर्जीव होते. बिलच्या तोंडी ‘चित्तभ्रमा’च्या जागी ‘चित्तभ्रमण’ घातले तर चूक चुकीच्या जागी जाऊन बसते. लूटमारीच्या कलमांसाठी ‘सहकारा’च्या जागी ‘अपहार’ हा शब्द घसरू देता येईल. त्यातील ध्वनिसाम्य आणि नकळत दिलेली कबुली ही दोन्ही मराठीत टिकतात. ‘उधळ्या’ हा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवला पाहिजे, कारण तेथे चूक शब्दात नसून परिस्थितीत आहे. कोणता शब्द वाकवावयाचा आणि कोणता सरळ ठेवावयाचा हे ठरविण्यासाठी भाषांतरकाराला वरील चार प्रकारांचा विवेक करावाच लागतो. तसा विवेक करणारा विद्यार्थी, त्याने एक ओळही भाषांतरित केली नाही तरी, शब्द खऱ्या अर्थाने शिकलेला असतो.

एकंदरीत, विनोदी कथा शब्दसंग्रहासाठी वाचू नये असे नाही. तिच्यातून किती शब्द मिळाले हे मोजण्याऐवजी, कोणता शब्द कोठे शोभत नाही हे किती ठिकाणी ओळखता आले, हे पाहावे. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या यादीत अर्थाच्या रकान्याशेजारी शब्द वापरणाऱ्या पात्राचे नाव आणि तो तेथे शोभतो की नाही एवढी दोन टिपणे जोडली, तर त्या यादीची उपयुक्तता पुष्कळ वाढेल. त्याकरिता लागणारा श्रम फार नाही. सपाट गावाला शिखर म्हटलेले पाहून ज्याला थांबावेसे वाटले, त्याने त्या श्रमाचा निम्मा भाग आधीच केलेला असतो.